घरच्या व्यायामाच्या सायकलवर पहिले आठ आठवडे

घरी आणलेली व्यायामाची सायकल महिन्याभरात का सुटते, असं विचारलं की बहुतेक जण स्वतःच्या आळसाला बोल लावतात. मला ते फारसं पटत नाही. बऱ्याचदा सीट एक-दोन खाचा खाली असते, म्हणून गुडघ्याची वाटी दुखायला लागते. मग बैठक दुखते. पहिल्याच दिवशी धाप लागेपर्यंत पाय मारलेले असतात, त्यामुळे दुसऱ्या दिवशी सायकलकडे बघवत नाही. आणि महिनाभर स्क्रीनवर रोज घसघशीत कॅलरी बघूनही वजनकाटा जागचा हलत नाही. या सगळ्यावर इलाज आहे. निम्म्या तक्रारी तर एक पाना आणि दहा मिनिटं एवढ्यावर मिटतात.

कोणती सायकल

अजून घेतली नसेल तर थोडक्यात सांगतो. सरळ बसायची साधी सायकल (अपराइट) बहुतेकांना पुरते. पाठ टेकून बसायची, पेडल समोर असलेली (रिकम्बंट) कंबरदुखी असलेल्यांना, खूप वजन असलेल्यांना आणि वयस्कांना सोयीची पडते; तिच्यावर चढणं-उतरणंही सोपं. जड चाकाची, पुढे वाकून चालवायची स्पिन बाइक जोरकस व्यायामासाठी चांगली, पण नवख्याला तिची सीट टोचते. पंखा असलेल्या एअर बाइकवर पायांबरोबर हातही चालतात, आणि जितका जोर लावाल तितकी ती जड होत जाते. ती आवाज फार करते.

रेझिस्टन्स, म्हणजे पेडल जड करणारा अडथळा, चुंबकाचा असेल तर सायकल शांत चालते आणि झिजायला काही नसतं. चाकावर घासणारा पॅड असेल तर तो कालांतराने बदलावा लागतो. घेण्यापूर्वी दोन गोष्टी नक्की बघा: तुमचं वजन पेलण्याची मर्यादा, आणि सीट खाली-वर होते तशी पुढे-मागेही सरकते का. ज्या सायकलची सीट फक्त खाली-वर होते, ती घरातल्या सगळ्यांना नीट बसेलच असं नाही. स्क्रीनवरच्या करामतींना मी शेवटचा नंबर देईन.

जोडताना डाव्या पेडलकडे लक्ष द्या

खोक्यातून काढलेली सायकल जोडताना सगळ्यात जास्त नुकसान डाव्या पेडलचं होतं. पेडलच्या दांड्यावर टोकाला एल आणि आर ही रोमन अक्षरं कोरलेली असतात: एल म्हणजे डावं, आर म्हणजे उजवं, आणि डावं-उजवं हे सायकलवर बसलेल्या माणसाच्या बाजूने धरायचं. उजवं पेडल नेहमीच्या स्क्रूसारखं घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने आवळतं. डाव्याचे आटे उलटे असतात, ते काट्यांच्या विरुद्ध दिशेने आवळतं. पाय मारताना पेडल आपोआप सैल होऊ नये म्हणून ही सोय आहे. हे ठाऊक नसलेला माणूस डावं पेडल उजव्यासारखं फिरवत बसतो, ते बसत नाही म्हणून पान्याने जोर लावतो आणि पेडल ज्या दांडीत बसतं तिच्यातले आटेच जातात.

म्हणून सुरुवात हातानेच करा. दोन-तीन वेढे बोटांनी सहज फिरले पाहिजेत. अडलं तर काढून पुन्हा सरळ लावा, पाना त्यानंतर. पहिल्या आठवड्यानंतर दोन्ही पेडल एकदा पुन्हा आवळा, कारण नव्या सायकलची टकटक बहुतेक वेळा तिथूनच येते.

सायकल सपाट जागी, शक्यतो रबरी मॅटवर ठेवा आणि पायथ्याच्या गोल घुंड्या फिरवून तिचं डुलणं घालवा. समोरून वारा येईल असा पंखा हवाच. रस्त्यावरच्या सायकलला वेगामुळे वारा लागतो, घाम वाळतो, अंग थंड राहतं. घरात तो वारा नाही. घाम नुसता ओघळतो, अंग तापतं आणि तेवढ्याच मेहनतीला हृदयाचे ठोके वाढत जातात. पंखा नसेल तर वीस मिनिटंही नकोशी होतात.

घरात लहान मूल असेल तर फिरतं चाक आणि साखळी यांच्यापासून त्याला लांब ठेवा. जड चाकात बोट सापडलं तर चाक लगेच थांबत नाही.

सीट: इथे घाई करू नका

आधी अंदाज घ्या. सायकलशेजारी उभे राहा, सीटचा वरचा भाग साधारण तुमच्या खुब्याच्या हाडाच्या पातळीला आणा. मग जे बूट घालून व्यायाम करणार तेच घालून वर बसा. एक पेडल अगदी खाली न्या आणि त्यावर टाच ठेवा. पाय गुडघ्यात पूर्ण सरळ झाला, तरी कंबर त्या बाजूला कलली नाही, तर उंची बरोबर. आता टाचेऐवजी चवडा पेडलवर ठेवा. गुडघा आपोआप थोडा वाकेल. पेडल सर्वांत खाली असताना गुडघ्यात २५ ते ३५ अंशांचा वाक असावा असं सायकलवाल्यांचं माप आहे, आणि टाचेच्या युक्तीने आपण कोनमापक न घेता साधारण तिथेच पोचतो.

नवख्या माणसाला ही उंची पहिल्यांदा जास्तच वाटते, कारण तिथे बसल्यावर दोन्ही पाय जमिनीला टेकत नाहीत. ते टेकायचे नसतातच. उतरताना सीटवरून पुढे सरकून आधी एक पाय खाली ठेवायचा. सीटच्या नळीवर 'यापुढे वर ओढू नका' अशी खुणेची रेघ असते. ती ओलांडू नका.

मग पुढे-मागे. दोन्ही पेडल आडव्या रेषेत आणा, म्हणजे एक पुढे, एक मागे. पुढच्या पायाच्या वाटीच्या खालून एक दोरी सोडली तर ती पेडलच्या दांड्यावर पडावी. हा काटेकोर नियम नाही, पण सुरुवात करायला चांगली जागा आहे. हँडल सीटच्या पातळीला किंवा थोडं वर ठेवा. शर्यतवाल्यांसारखं खाली वाकण्याची हौस नंतर भागवा. कोपर किंचित वाकलेले, खांदे कानांपासून लांब, हँडलवर हात नुसते टेकलेले. तळहात दुखत असतील तर तुम्ही पायांचं काम हातांवर टाकताय असं समजा.

आता खरी परीक्षा. मोबाइल मागे ठेवून दोन मिनिटं पाय मारतानाचा व्हिडिओ घ्या आणि मग बाजूनेही एक घ्या. मागून बघताना कंबर डावी-उजवीकडे झुलत असेल तर सीट जास्त वर आहे. बाजूने बघताना पाय खाली जाताना चवड्याची बोटं ताणून पेडल गाठत असाल, तरी तेच. गुडघे बाहेरच्या बाजूला फाकत असतील किंवा वर येताना पोटाकडे फार येत असतील तर सीट खाली आहे. हे बसल्या जागी कळत नाही, व्हिडिओत लगेच दिसतं.

दुखणंही पत्ता सांगतं. गुडघा पुढून, वाटीपाशी दुखला तर सीट बहुधा खाली किंवा फार पुढे आहे, किंवा रेझिस्टन्स झेपेल त्याहून जास्त आहे. गुडघ्याची मागची शीर ओढल्यासारखी वाटली तर सीट वर किंवा फार मागे आहे. बदल करताना एका वेळी एकच करा, तोही अर्धा-एक सेंटिमीटर किंवा एक खाच, आणि दोन-तीन दिवस बघा. जमलेलं माप नळीवर चिकटपट्टी लावून खूण करून ठेवा. घरातलं दुसरं कोणी बसलं की तुमची सीट हलणारच.

बैठक दुखते त्याचं काय

पहिले आठ-दहा दिवस थोडी दुखणारच, कारण बैठकीच्या हाडांना या दाबाची सवय नसते. ते हळूहळू कमी होतं. दर पाच-सहा मिनिटांनी काही सेकंद सीटवरून थोडं उठलात तर बराच फरक पडतो. पॅड असलेली सायकलिंग शॉर्ट उपयोगाची आहे, मात्र तिच्या आत दुसरं काही घालायचं नसतं. आतल्या कपड्याची शिवणच कातडी सोलते. जेलचं कव्हर लावलंत तर सीटची उंची पुन्हा तपासा, कारण तुम्ही तेवढे वर गेलेले असता.

दुखणं एक आणि बधिरपणा वेगळा. जांघेत मुंग्या येत असतील किंवा बधिर होत असेल तर तो सवयीचा भाग समजून सोसू नका. लगेच उठा, सीटचं नाक अगदी किंचित खाली करा, उंची तपासा. तरीही होत असेल तर सीट बदला.

आधी डॉक्टरांना विचारायचं कोणी

छातीत दुखणं, थोड्या श्रमाने दम लागणं, आटोक्यात नसलेला रक्तदाब, हृदयाचा जुना आजार, अलीकडची शस्त्रक्रिया किंवा गरोदरपण यांपैकी काही असेल तर आधी विचारा. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर खाली आणणाऱ्या काही गोळ्या घेत असाल तर व्यायामात साखर एकदम उतरू शकते, त्याची आखणी डॉक्टरांबरोबर करा. बीटा ब्लॉकर घेणाऱ्यांनी ठोक्यांच्या आकड्यांवर जाऊ नये, ते औषध ठोके मुद्दाम कमी ठेवतं. आणि सायकलवर असताना छातीत दाब, चक्कर, हाताकडे किंवा जबड्याकडे जाणारी कळ असं काही जाणवलं तर थांबा आणि तातडीने मदत घ्या.

पाय कसे मारायचे

सैल पायजम्याचा घोळ आणि बुटाची लेस आधी आत खोचा. बूट कडक तळव्याचे बरे; मऊ तळवा पेडलवर दुमडतो आणि पाऊल दुखतं. चवड्याचा रुंद भाग पेडलच्या मधोमध ठेवा, पट्टा लावा.

लय मिनिटाला ६० ते ८० फेऱ्यांची ठेवा. बहुतेक स्क्रीनवर हा आकडा आरपीएम म्हणून दिसतो. नवख्यांचा कल जड रेझिस्टन्सवर हळूहळू, दाबत-दाबत चालवण्याकडे असतो, कारण त्यात मेहनत केल्यासारखं वाटतं. त्याने मांड्या लवकर भरून येतात आणि गुडघ्यावर ताण येतो. उलट रेझिस्टन्स अगदीच नसेल तर पाय भिरभिरतात आणि माणूस सीटवर उसळायला लागतो. पायाखाली काहीतरी लागतंय, पण दाबावं लागत नाही, अशी जागा शोधा. डायलवरचा आकडा दुसऱ्याच्या सायकलशी ताडून बघू नका. प्रत्येक कंपनीचा पाच वेगळा असतो.

स्पिन बाइकबद्दल एक इशारा. तिचं जड चाक पेडलला घट्ट जोडलेलं असतं, त्यामुळे तुम्ही पाय थांबवले तरी चाक पेडलना फिरवतच राहतं. वेगात असताना पाय काढायचा प्रयत्न केला तर पेडल नडगीवर बसतं. थांबायचं असेल तर वेग कमी करत या, किंवा रेझिस्टन्सची घुंडी खाली दाबा; बहुतेक सायकलींत तोच आणीबाणीचा ब्रेक असतो. पहिल्या दिवशी हळू वेगात तो दोनदा दाबून बघा.

किती जोर लावायचा

सगळ्यात भरवशाचं माप फुकट आहे: बोलून बघा. पूर्ण वाक्य बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, तो मध्यम जोर. दोन-चार शब्दांनंतर श्वास घ्यावा लागतो, तो जास्त जोर. गाणं सहज म्हणता येत असेल तर तुम्ही अजून अंगच मोकळं करताय.

ठोके मोजायची हौस असेल तर २२० वजा वय हे जुनं सूत्र आहे. ४५ वर्षांच्या माणसाला कमाल १७५ येतात. त्याच्या साधारण ६४ ते ७६ टक्के, म्हणजे ११२ ते १३३ ठोके हा मध्यम जोर. पण हे सूत्र सरासरीचं आहे. एखाद्या माणसाचे खरे ठोके त्याहून दहा-बारा इकडे-तिकडे सहज असतात, म्हणून आकडा आणि बोलणं यांचं पटलं नाही तर बोलण्याचं ऐका.

आठ आठवडे

पहिले दोन आठवडे: आठवड्यातून चार दिवस, १२ ते १५ मिनिटं, सगळा वेळ बोलता येईल इतकाच जोर. अजून दहा मिनिटं सहज करता आली असती, असं वाटतानाच उतरायचं. हे मुद्दाम आहे. या दोन आठवड्यांत दमसास वाढवायचा नसून सीट बसवायची असते, बैठकीला सवय लावायची असते आणि दिवसातली वेळ ठरवायची असते.

तिसरा-चौथा आठवडा: पाच दिवस, २० ते २५ मिनिटं. पहिली पाच मिनिटं हलकी, मधली मध्यम, शेवटची पाच पुन्हा हलकी. शेवटची पाच मिनिटं लोक गाळतात. जोरात चालवून एकदम उतरलं की पायांत उतरलेलं रक्त लगेच वर येत नाही आणि डोळ्यांपुढे अंधारी येते.

पाचवा-सहावा: पाच दिवस, ३० मिनिटं. इथे आठवड्याची १५० मिनिटं भरतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीत प्रौढांसाठी मध्यम जोराचा व्यायाम आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं सांगितला आहे, म्हणजे तुम्ही तिच्या खालच्या पायरीवर पोचलात.

सातवा-आठवा: पाचपैकी एका दिवशी, झेपलं तर दोन दिवशी, चढ-उतार करा. पाच मिनिटं अंग तापवा, मग ३० सेकंद जोरात आणि ९० सेकंद अगदी हलकं, असं सहा वेळा, शेवटी पाच मिनिटं हलकं. एकूण २२ मिनिटं. जोर वाढवताना वेगाबरोबर थोडा रेझिस्टन्सही वाढवा, नाहीतर उसळणं सुरू होतं. हे दोन दिवस लागोपाठ नकोत.

याच टप्प्यावर कोणीतरी 'चार मिनिटांचं ताबाता' सुचवतं. ते मूळ सायकलवरचंच: इझुमी ताबाता आणि सहकाऱ्यांनी १९९६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात २० सेकंद जोर, १० सेकंद विश्रांती असा क्रम होता, तोही तंदुरुस्त तरुणांवर आणि पार गळून जाईपर्यंत. नव्याने सायकलवर बसलेल्याने तो नाद करू नये.

आठवड्यातले दोन दिवस ताकदीच्या व्यायामाला द्या. वरच्या शिफारशीत तेही आहे. सायकलवर अंगाचं वजन सीट पेलते, म्हणून गुडघ्यांना आराम मिळतो, पण त्याच कारणाने हाडांना आणि हातांना-पाठीला तिचा फारसा उपयोग होत नाही. उठाबशा, भिंतीला टेकून जोर, थोडं चालणं, एवढंही चालेल.

वजनाचा हिशेब

इथे मी थोडा निराश करणार आहे, पण आकडा माहीत असलेला बरा. ७० किलोचा माणूस हलक्या ते मध्यम जोराने अर्धा तास सायकल चालवतो तेव्हा सुमारे १७० किलोकॅलरी खर्च होतात. त्यातल्या ३५ तर नुसतं बसूनही झाल्या असत्या. म्हणजे जास्तीच्या साधारण १३५. आठवड्यातून पाच दिवस धरले तर ६७५ च्या आसपास. एक किलो चरबीत ७,७०० किलोकॅलरी धरतात. खाणं जराही न बदलता निव्वळ सायकलवर विसंबलात तर एक किलो उतरायला अकरा-बारा आठवडे लागतील, आणि प्रत्यक्षात त्याहून जास्तच, कारण व्यायामानंतर भूक वाढते आणि 'आज झालं की' म्हणून माणूस उरलेला दिवस कमी हलतो.

म्हणून वजन उतरवायचं काम मुख्यतः ताटात होतं. सायकल त्याला हातभार लावते आणि उतरलेलं वजन पुन्हा चढू न देण्यात तिचा वाटा मोठा असतो. व्यायामानंतर स्वतःला खाऊचं बक्षीस देणं बंद केलं तरी अर्धी लढाई होते. अर्ध्या तासाची मेहनत दोन-चार घासांत भरून निघते.

स्क्रीनवरच्या कॅलरीवर विसंबू नका. बऱ्याच सायकली तुमचं वजनही विचारत नाहीत, मग त्या कोणाचा हिशेब करतात? तुमची सायकल वॅट दाखवत असेल तर मात्र एक चांगली युक्ती आहे. सरासरी वॅटला सेकंदांनी गुणा, हजारने भागा. जे किलोज्यूल येतील जवळपास तितक्याच किलोकॅलरी शरीराने खर्च केल्या असं धरा. १०० वॅटने अर्धा तास म्हणजे १८० किलोज्यूल, म्हणजे ढोबळमानाने १८० किलोकॅलरी. एका किलोकॅलरीत चारहून थोडे जास्त किलोज्यूल असतात, पण स्नायू खर्चलेल्या ऊर्जेपैकी चौथ्या-पाचव्या हिश्श्याइतकीच पेडलपर्यंत पोचवतात, म्हणून दोन्ही आकडे जुळतात.

पोट कमी करण्यासाठी सायकल चालवली म्हणून पोटाचीच चरबी आधी जाईल असं होत नाही; कुठली आधी जाणार ते शरीर ठरवतं. घाम जास्त यावा म्हणून अंगात जाड कपडे किंवा प्लॅस्टिकचा सूट चढवणंही निरर्थक. जातं ते पाणी, आणि ते प्यायला लागलं की परत येतं.

पहिल्या दोन-तीन आठवड्यांत वजन उलट अर्धा-एक किलो वाढलं तर घाबरू नका. स्नायू साखरेचा साठा वाढवतात आणि त्या साठ्यासोबत पाणी धरून ठेवतात. रोज काट्यावर उभं राहायचंच असेल तर सात दिवसांची सरासरी काढा आणि सरासरीचीच तुलना करा. महिन्यातून दोनदा बेंबीपाशी कंबर मोजा, श्वास सोडून, टेप न आवळता.

यापेक्षा मला आवडणारं माप वेगळं आहे. महिन्यातून एकदा तोच रेझिस्टन्स, तीच लय, तोच पंखा ठेवून दहाव्या मिनिटाचे ठोके वहीत लिहा. त्याच मेहनतीला ठोके कमी पडायला लागले की हृदय सुधारतंय. वजनकाटा रुसून बसलेला असतानाही हा आकडा सहसा खाली येतो.

सायकलची निगा

दर वेळी उतरल्यावर हँडल, सीटची नळी आणि चाकावरचा घाम पुसा. घामातल्या मिठाने नळी गंजते आणि मग सीट खाली-वर होत नाही. महिन्यातून एकदा सीटचा आणि हँडलचा बोल्ट, पेडल आणि त्यांच्या दांड्या आवळून बघा. साखळी असेल तर तेल द्या. बेल्ट असेल तर त्याला तेलाचा थेंबही लागू देऊ नका. घासणारा पॅड कोरडा पडून किंचाळायला लागला तर कंपनीच्या पत्रकात त्याला काय लावायचं ते बघा. प्रत्येकाचं वेगळं असतं. आकडे अचानक वेडेवाकडे दिसू लागले तर बहुतेक वेळा बॅटरी संपत आलेली असते.

आठव्या आठवड्यानंतर वाढवायचं असेल तर आधी मिनिटं वाढवा, मग दिवस, जोर सगळ्यात शेवटी. आणि मध्येच दोन आठवडे आजारपणात गेले तर जिथे सोडलं तिथून नाही, त्याच्या दोन आठवडे मागून सुरू करा.